मुक्काम आधी, वाट नंतर

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सलग काही दिवस पायी फिरायचे ठरले की बहुतेक जण आधी नकाशा पसरतात आणि रोज किती मैल चालता येईल याचा हिशोब मांडतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. रात्री पाठ टेकायला जागा कोणत्या गावात आहे, तिथे संध्याकाळी जेवण मिळते का आणि आपल्याला हव्या त्या तारखेला खोली रिकामी आहे का, हे आधी पाहायचे. त्यातून वाटेचे तुकडे पडतात आणि मग आपल्या पायांनी त्या तुकड्यांशी जुळवून घ्यायचे असते. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण गडावरचे देऊळ, एखादी गुहा किंवा पायथ्याच्या घराची पडवी आपल्याला कुठे ना कुठे सामावून घेते. इंग्लंडमध्ये डार्टमूर या माळरानाचा अपवाद सोडला तर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर तंबू ठोकता येत नाही, आणि वाटेवरच्या खेड्यात बहुधा मोजक्या खोल्यांचा एखादाच पब असतो, ज्याच्या उन्हाळ्यातल्या खोल्या कित्येक महिने आधीच भरू लागतात.

येत्या उन्हाळ्यात गुहागरहून माझा चुलतभाऊ आणि वहिनी माझ्याकडे लीड्सला यायचे आहेत. दादाने येण्यासाठी एकच अट घातली आहे: त्याला बसच्या खिडकीतून राजवाडे पाहायचे नाहीत, त्याला चालायचे आहे. तो महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाला, आणि नोकरीच्या निमित्ताने त्याने तालुक्यातली बहुतेक गावे पायांखालून घातलेली आहेत. वहिनींना चालणे आवडते, पण त्यांचा डावा गुडघा उतारावर कुरकुरतो आणि पाठीवर ओझे घेऊन चालणार नाही असे त्यांनी पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितले. या दोघांना घेऊन कोणती वाट धरावी, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांची वाण नाही. कॉट्सवोल्ड वे ही चिपिंग कॅम्डनपासून बाथपर्यंतची 102 मैलांची वाट मधाच्या रंगाच्या दगडी गावांतून जाते आणि दिसायला देखणी आहे, पण त्या देखणेपणाची किंमत तिथल्या प्रत्येक खोलीच्या भाड्यात उतरलेली असते. आल्फ्रेड वेनराइट यांनी 1973 मध्ये मांडलेली कोस्ट टू कोस्ट वाट सुमारे 190 मैलांची आहे, आणि तिच्यातले लेक डिस्ट्रिक्टचे चढउतार वहिनींच्या गुडघ्याला मानवणारे नाहीत. पेनाइन वे ही 1965 मध्ये खुली झालेली पहिली राष्ट्रीय पायवाट 268 मैलांची, तेव्हा तिचे नावही काढायचे नव्हते. शेवटी आम्ही हेड्रियनच्या रोमन भिंतीला धरून जाणाऱ्या वाटेपाशी येऊन थांबलो. न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत 84 मैल, म्हणजे 135 किलोमीटर. सर्वांत उंच जागा, विनशील्ड क्रॅग्ज, अवघी 345 मीटर. आणि भिंतीच्या दक्षिणेने जवळपास समांतर जाणारा न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेमार्ग, ज्यावरच्या हेक्सम आणि हॉल्टविसल या स्थानकांमुळे कुणाचे पाय दुखले तर परतीचा रस्ता उघडा राहतो. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त महत्त्व दिले. पन्नाशी-साठीच्या माणसांबरोबर निघताना मधेच सोडून देण्याची सोय असलेली वाटच निवडावी, असे माझे मत आहे.

वाट ठरली आणि लगेच मतभेद सुरू झाला. रोमन सम्राट हेड्रियनच्या आज्ञेने इ.स. 122 च्या सुमारास जी भिंत बांधायला घेतली गेली, ती आज सलग अशी फक्त मधल्या पट्ट्यातच दिसते. पूर्वेला न्यूकॅसल शहराने ती पोटात घेतली आहे; त्याच्या पश्चिमेला मैलोन् मैल ती रस्त्याखाली गाडली गेली, कारण पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांनी केलेल्या 1745 च्या जेकोबाइट बंडानंतर सरकारने तोफा पूर्वेकडून पश्चिमेकडे हलवण्यासाठी लष्करी रस्ता बांधला आणि त्यासाठी भिंतीचा दगड हाताशी होता म्हणून तोच वापरला. कार्लाइलच्या पलीकडे तर बहुतेक ठिकाणी नुसता गवताचा उंचवटा उरला आहे. तेव्हा चॉलरफर्ड ते गिल्सलंड एवढाच मधला भाग तीन-चार दिवस निवांत चालावा आणि दोन्ही टोके सोडून द्यावीत, असे मी सुचवले. दादाने ऐकून घेतले आणि म्हणाला, “मधलीच भिंत बघायची तर फोटोत बघीन की. एका टोकाला हात लावून निघू, दुसऱ्या टोकाला हात लावून थांबू. मध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते चालताना कळेल.” यावर माझ्याकडे तर्काचे उत्तर होते, पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्याच्या मनातल्या प्रवासाला आकार देण्याचा अधिकार त्याचाच, म्हणून मी माघार घेतली. मात्र दिवसांची वाटणी मी माझ्या मताप्रमाणे केली आहे: टोकांचे अंतर लांब टप्प्यांत उरकायचे आणि वाचलेला वेळ मधल्या पट्ट्यावर उधळायचा.

मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये या वाटेचे सहसा सहा टप्पे केलेले असतात. पहिला वॉल्सएंड ते हेडन-ऑन-द-वॉल, सुमारे 24 किलोमीटर. त्यातला बराचसा भाग डांबर आणि फरसबंदीवरचा, टाईन नदीच्या काठाने, पुलांखालून जाणारा आहे. डांबरावर दिवसभर चालणे पायांच्या तळव्यांना डोंगरापेक्षा जड जाते. म्हणून ज्या दिवशी आम्ही न्यूकॅसलला पोचू त्याच दुपारी मेट्रोने वॉल्सएंडला जायचे (तिथल्या स्थानकावर इंग्रजीच्या जोडीला लॅटिन पाट्या आहेत, हे दादाला मी मुद्दाम सांगितलेले नाही), सेगेडुनम किल्ल्याच्या अवशेषांपाशी त्याच्या इच्छेप्रमाणे हात लावायचा आणि नदीकाठाने आठेक किलोमीटर चालत शहरात परत यायचे. दुसऱ्या दिवशीचा टप्पा त्यामुळे आपोआप आखूड होतो. हेडन ते चॉलरफर्ड हे पुन्हा 24 किलोमीटर बहुतांशी त्या लष्करी रस्त्याच्या कडेकडेने, शेतांतून, गाड्यांचा आवाज ऐकत जायचे आहे, आणि त्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

चॉलरफर्डनंतर मात्र जमीनच बदलते. व्हिन सिल नावाचा कठीण काळ्या दगडाचा थर इथे उत्तरेकडे तुटलेल्या कड्याच्या रूपात वर आलेला आहे आणि रोमन अभियंत्यांनी भिंत नेमकी या कड्याच्या माथ्यावरून नेली. चालणाऱ्याला याचा अर्थ एवढाच की कडा जिथे जिथे खचला आहे तिथे तिथे खाली उतरायचे आणि लगेच पलीकडे चढायचे, दिवसभर. नकाशावरचे अंतर इथे फसवे ठरते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर 300 मीटरला वर अर्धा तास. पण हा हिशोब धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. त्यात फोटो, फाटके उघडणे-लावणे, पावसाचा कोट घालणे आणि काढणे, आणि दादाचे प्रत्येक दगडाशी थबकणे धरलेले नाही. मी त्याच्या उत्तरात सरळ निम्मी भर घालते. चॉलरफर्ड ते वन्स ब्रूड हे 19 किलोमीटर कागदावर चार-साडेचार तासांचे वाटतात. मी त्यासाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढा दिवस राखून ठेवला आहे.

वन्स ब्रूड ही नीट वस्तीही म्हणता येणार नाही अशी जागा आहे: एक पब, एक युथ हॉस्टेल, त्याला लागून नॉर्थम्बरलंड राष्ट्रीय उद्यानाचे 2017 मध्ये उघडलेले माहिती केंद्र आणि थोडी घरे. पण तिथून भिंत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, म्हणून सगळे तिथेच राहू पाहतात. माझ्या सगळ्या योजनेची कळ या एका मुक्कामात आहे. इथे दोन रात्री राहायचे, मधल्या दिवशी पाठीवर काहीही न घेता विंडोलांडाला जायचे, संध्याकाळी वेळ उरला तर स्टील रिगवरून सिकॅमोर गॅपपर्यंत फेरी मारायची. तिथले ते प्रसिद्ध सिकॅमोरचे झाड सप्टेंबर 2023 मध्ये रात्रीतून कुणी कापून टाकले. खोडाच्या बुंध्याला पुढच्या वर्षी कोंब फुटल्याचे वाचले आणि तेव्हापासून मला ती जागा झाड होते त्या दिवसांपेक्षा अधिक पाहावीशी वाटते.

विंडोलांडाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण वहिनींना ही सहल तिथपासूनच आपली वाटू लागली. भिंतीच्या थोड्या दक्षिणेला असलेल्या या किल्ल्यात 1973 मध्ये उत्खनन करताना लाकडाच्या पातळ चकत्या सापडल्या, पोस्टकार्डाएवढ्या, शाईने लिहिलेल्या. ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत त्या जवळजवळ एकोणीसशे वर्षे टिकून राहिल्या. बहुतेक मजकूर भिंत बांधली जाण्याच्या आधीचा आहे. त्यात धान्याचे हिशोब आहेत, रजेचे अर्ज आहेत, आणि क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने सुल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाला ये म्हणून केलेले आमंत्रण आहे. आमंत्रणाचा मुख्य मजकूर लेखनिकाने लिहिलेला आणि शेवटच्या दोन-चार ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आहेत. आणखी एका चकतीवर कुणी तरी कुणाला तरी मोजे, सपातांचे दोन जोड आणि दोन आतले कपडे पाठवल्याची नोंद आहे. हे मी फोनवर वाचून दाखवले तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, “म्हणजे तिकडे मोजे कमी पडतात हे त्यांनापण माहीत होतं. मी चार जोड जास्त घेते.” सामानाच्या यादीबद्दल आमची जी चर्चा रखडली होती ती त्या वाक्याने मार्गी लागली.

सामानाचा प्रश्न इथे पैशांनी सुटतो, आणि तो तसाच सोडवावा. या वाटेवर सामान पोचवणाऱ्या गाड्या आहेत. सकाळी आपली बॅग पबच्या दाराशी ठेवायची, संध्याकाळी पुढच्या मुक्कामी ती आपल्या आधी पोचलेली असते. पिशवीच्या वजनाला मर्यादा असते, तेवढे पाहायचे. मग पाठीवर उरते ते पाणी, डबा, पावसाचा कोट, एक उबदार थर आणि नकाशा. या सोयीला कमीपणा मानणारे पुष्कळ भेटतात, तरुण मुले तर विशेष. पण आठ-नऊ किलो पाठीवर घेऊन मान खाली घालून चाललेल्या माणसाला कडा, तळे आणि भिंत यांतले काय दिसते, हे मी पाहिलेले आहे.

पावसाच्या कोटावरून दादाशी माझी जरा खडाजंगी झाली. रत्नागिरीला एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो तेवढा न्यूकॅसलला अख्ख्या वर्षात पडत नाही, हे मीच त्याला सांगून बसले होते, तेव्हा “मला पाऊस शिकवू नकोस” हे उत्तर मला ऐकावेच लागले. पण कोकणचा पाऊस कोसळतो, भिजवतो आणि अंगाला उबदार ठेवतो. इथला पाऊस बारीक असतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि जूनमध्येसुद्धा माथ्यावर हात बधिर करतो. छत्री तिथे उलटी होते, इरले घेऊन कुणी येत नाही, आणि सुती पँट एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, त्यावर वारा आणि पाणी अडवणारा कोट, एवढे मान्य करून घ्यायला मला तीन फोन करावे लागले. बूट मात्र दादाने आधीच घेतले आहेत आणि ते पायात मऊ व्हावेत म्हणून तो रोज पहाटे गोपाळगडापर्यंतचा चढ घालून येतो, असे वहिनींकडून कळले.

महिना ठरवताना मी जूनचा पहिला पंधरवडा धरला. या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेदहाच्या आसपास मावळतो, म्हणून टप्पा लांबला तरी अंधारात सापडण्याची भीती नाही. याची एक बाजू अशी की नॉर्थम्बरलंडचे हे आकाश 2013 पासून डार्क स्काय पार्क म्हणून नावाजलेले असूनही जूनमध्ये तिथे पुरता काळोख होतच नाही. तारे पाहायचे तर वेगळ्या ऋतूत यावे लागेल. थंडीत मात्र ही वाट मुद्दामच टाळावी. पायवाट बव्हंशी गवतावरून जाते आणि तिच्याखाली न उकरलेले रोमन अवशेष आहेत; ओल्या महिन्यांत पावलांनी गवत उखडले की माती आणि तिच्याबरोबर खालचे थर वाहून जातात, म्हणून वाट सांभाळणारे लोक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पूर्ण वाट चालू नका अशी विनंती करतात. त्यांची आणखी एक विनंती मला फार आवडली: एकामागे एक चालू नका, शेजारी शेजारी चाला, म्हणजे एकाच रेषेत गवत मरणार नाही. भिंतीवर चढायचे नाही, हे तर सांगायलाच नको.

दादाला या सगळ्यात सर्वांत नवल वाटले ते वाटेच्या कायद्याचे. मी त्याला ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशाचे, भिंतीच्या मधल्या भागाच्या ओएल 43 या पत्रकाचे, फोटो पाठवले होते. त्यावर शेतांचे गडगे काळ्या बारीक रेषांनी आणि सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि या हिरव्या रेषा बेधडक लोकांच्या शेतांमधून, कधी कधी थेट घराच्या अंगणातून गेलेल्या दिसतात. त्याचा फोन आला. “ही जमीन खासगी आहे ना? मग ही वाट कुणाच्या नावावर आहे?” ज्याच्या नोकरीची कित्येक वर्षे वहिवाट अडवल्याच्या अर्जांत, बांधावरून जाण्याच्या तंट्यांत आणि गाळात बुजलेल्या पाणंदींच्या पंचनाम्यांत गेली, त्याने दुसरा कोणता प्रश्न विचारला असता? मी त्याला सांगितले की जमीन शेतकऱ्याचीच आहे, पण तिच्यावरून चालत जाण्याचा हक्क लोकांचा आहे. जमीन विकली गेली तरी तो हक्क जमिनीबरोबर राहतो. 1949 च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे तयार करायला लावले. शेतकऱ्याने नांगरताना वाट मोडली तर पेरणीपूर्व पहिल्या मशागतीनंतर चौदा दिवसांत आणि पुढच्या प्रत्येक वेळी चोवीस तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. उभ्या पिकात वाट बुडू द्यायची नाही, हीदेखील त्याचीच जबाबदारी.

“आणि तो करतो?” दादाने विचारले. बहुतेक जण करतात. जे करत नाहीत त्यांच्याविरुद्ध पायी चालणाऱ्यांच्या संस्था चिकाटीने तक्रारी करत राहतात. हा हक्क काही आपोआप मिळालेला नाही. मोकळ्या माळरानावर जाण्याची बंदी मोडण्यासाठी 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार तरुण किंडर स्काउटच्या पठारावर चढले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पठारांवर आणि माळांवर मोकळेपणाने फिरण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यात यायला त्यानंतर 2000 साल उजाडावे लागले. दादा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले की तिथे फाटक कसे असते, आपल्या बेड्यासारखे आडवे बांबू काढून जायचे असते की वरून उडी मारायची असते. दोन्ही प्रकार आहेत, असे मी सांगितले: कुठे गडग्याला दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात, कुठे एका वेळी एकच माणूस जाईल असे झुलते फाटक असते. नियम एकच, की उघडे दिसले तर उघडे ठेवायचे आणि बंद दिसले तर बंद करून पुढे जायचे. वासरे असलेल्या गाईंच्या कळपाला मात्र वळसा घालायचा. वाटेवरचा हक्क गाईंना ठाऊक नसतो.

खाण्याबद्दल वहिनींच्या मनात धास्ती होती. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होते आणि नंतर कितीही गोड बोलले तरी गरम काही मिळत नाही, त्यामुळे खोलीबरोबरच जेवणाचे टेबलही आधी सांगून ठेवावे लागते. न्याहारी भरपेट असते, दुपारचा डबा आदल्या रात्री सांगितला की सकाळी तयार मिळतो. मंगळवारी वहिनींना मासे चालत नाहीत, तेव्हा त्या दिवशी भाजीचे सूप, चीज घातलेला बटाटा किंवा मश्रूमचे सारण भरून भाजलेला ‘पाय’ यांवर भागवावे लागेल. त्या मेतकूट, लसणीची चटणी आणि कुळथाचे पिठले करायचे पीठ आणणार आहेत. पिठल्याला चूल कुठून आणायची हे मी विचारले नाही, कारण युथ हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघराचा शोध त्यांनी माझ्या आधीच लावला होता.

आता उरला प्रश्न तारखेचा, आणि तो वाटेच्या दुसऱ्या टोकाने सोडवला. कार्लाइल सोडल्यावर वाट ब्रफ बाय सँड्स या गावातून जाते. स्कॉटलंडवर चाल करून निघालेला राजा पहिला एडवर्ड 7 जुलै 1307 रोजी याच गावाजवळच्या दलदलीत वारला. त्याच्याही हजारेक वर्षे आधी तिथल्या रोमन किल्ल्यात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांची तुकडी होती. भिंतीवर पहारा देणारे बहुतेक शिपाई रोमचे नव्हतेच; कुणी आजच्या बेल्जियमच्या भागातले, कुणी सीरियाचे. परदेशात नोकरी धरून राहिलेल्या माझ्यासारखीला ही माहिती इतिहासापेक्षा जवळची वाटते. गावापुढे ड्रमब्रफपर्यंत वाट सॉल्वेच्या खाजणाच्या कडेने, सपाट आणि सरळ रस्त्याच्या बाजूने जाते, आणि मोठ्या भरतीला हा रस्ता पाण्याखाली जातो. तेव्हा शेवटच्या दिवशी त्या पट्ट्यावर आपण नेमके कधी असू हे भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय निघण्यात अर्थ नव्हता.

हे सांगताच दादाचा आवाज बदलला. भरती-ओहोटी हा त्याचा प्रांत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्याने कॅलेंडर काढून सॉल्वेसाठीही तोच हिशोब मांडायला घेतला, तेव्हा मी त्याला थांबवले. प्रत्येक किनाऱ्याचे घड्याळ खाडीच्या आकारावर आणि समुद्राच्या उथळपणावर अवलंबून असते, म्हणून वेळ तिथल्याच वेळापत्रकातून घ्यावी लागेल. पण उधाण कधी आणि भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती कधी, हे चंद्र ठरवतो आणि तो गुहागरला आणि कार्लाइलला एकच आहे. अमावास्या आणि पौर्णिमा, आणि त्यांच्यानंतरचे दोन-तीन दिवस टाळायचे, अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस धरायचा, एवढे त्याच्या कॅलेंडरावरून ठरले. मी इकडे वेळापत्रक उघडले. त्याने सुचवलेल्या दिवशी भरती खरोखरच खालच्या पातळीची होती आणि ती चढण्याच्या आत आम्ही ड्रमब्रफ ओलांडून गेलेले असू.

तो दिवस बुधवार निघाला. बुधवारी बोनेसला पोचायचे तर मंगळवारी रात्री कार्लाइल, सोमवारी वॉल्टन, रविवारी गिल्सलंड, असे उलटे मोजत गेलो. वॉल्टन छोटे गाव आहे, तिथे खोली न मिळाल्यास अलीकडच्या ब्रॅम्टनला टॅक्सीने जायचे आणि सकाळी त्याच जागी परत येऊन चालायला लागायचे. वहिनींना एखादा दिवस विश्रांती हवी झाली तर हेक्समकडून हॉल्टविसलकडे भिंतीच्या मधल्या भागाला धरून उन्हाळ्यात एक बस धावते, जिचा क्रमांकच एडी 122, म्हणजे इ.स. 122, आहे. आणि अशा उलट्या मोजणीत वन्स ब्रूडचे दोन मुक्काम शुक्रवार-शनिवारचे आले. शनिवारची एकच रात्र द्यायला तिथले खोलीवाले सहसा नाखूश असतात, दोन घेणार असाल तरच बोला म्हणतात. आम्हाला दोन रात्री हव्याच होत्या, तेव्हा त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरून मी त्या खोल्या पक्क्या केल्या आणि बाकीच्या मुक्कामांना फोन करायला घेतले.